रात्री अडीच वाजता इंडक्शन कोण लावतं?

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४. इमारत १९९४ सालची, दुसरा मजला, घरात नवरा, सासू-सासरे आणि चार वर्षांची मुलगी. गेल्या वर्षापासून त्या घरून पोळीभाजीचे डबे देतात आणि त्यासाठी इंडक्शन शेगडी आणि ओव्हन घेतला आहे. जूनपासून घरातली वीज सारखी जाते. इमारतीत सगळीकडे दिवे असतात, यांच्याच घरातल्या पेटीतला स्विच पडतो. कधी सकाळी नऊच्या सुमारास फक्त स्वयंपाकघर बंद होतं, तर कधी अख्खं घर. परवा रात्री अडीचला सगळे झोपलेले असताना पंखे थांबले आणि मुलगी घामेघूम होऊन रडत उठली. सासऱ्यांच्या मते हे सगळं डब्यांमुळे होतंय, "एवढा लोड या घराला झेपायचा नाही." वीस वर्षं घरी येणारे वायरमन काका पाहून गेले. ते म्हणाले, "ईएलसीबी (पेटीतला मोठा स्विच) फार सेन्सिटिव्ह आहे, पावसाळ्यात त्रास देणारच. काढून डायरेक्ट करून देतो. किचनचा एमसीबीही (छोटा स्विच) ३२ अँपिअरचा टाकतो, कटकट मिटेल." नवरा तयार आहे. ताईंना मात्र भीती वाटते, कारण बाथरूमच्या भिंतीला वरच्या घरातून ओल आली आहे. त्या विचारतात, "मला विजेतलं काही कळत नाही. मी नको म्हणायचं ते कशाच्या जोरावर? की डबेच बंद करू?"

ताई,

तुम्हाला विजेतलं काही कळत नाही, असं तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय. पण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा तुम्हीच नोंदवला आहे. रात्री अडीच वाजता घर अंधारात गेलं, तेव्हा इंडक्शन बंद होता, ओव्हन बंद होता, मिक्सर बंद होता. चालू काय होतं? तीन पंखे आणि फ्रिज. एवढ्याशा लोडने कुठलंही धडधाकट घर बंद पडत नाही. तेव्हा निदान त्या रात्रीचा आरोप तुमच्या डब्यांवर येत नाही, हे आधी मनातून स्पष्ट करून घ्या.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एकच गोष्ट घोकायला लावायचो: गिऱ्हाईक "लाइट जाते" म्हणालं की लगेच पकड हातात घ्यायची नाही. आधी विचारायचं, कुठला स्विच पडतो? कधी पडतो? पडल्यावर लगेच उचलला तर राहतो का? तुमच्या घरात हे तीन प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, आणि त्यामुळे दोन वेगळ्या तक्रारींची एकच तक्रार झाली.

पेटीचं झाकण उघडून बघा. एका ओळीत बोटभर रुंदीचे छोटे स्विच दिसतील, त्यांच्यावर C१६, C१० असं काहीतरी छापलेलं असेल. हे एमसीबी. त्यांच्या शेजारी किंवा वर एक जाडसर, दुप्पट रुंदीचा स्विच असेल आणि त्यावर T लिहिलेलं छोटं बटण असेल. हा आरसीसीबी. जुन्या सवयीने सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, आपणही तसंच म्हणू. फक्त स्वयंपाकघर बंद होतं तेव्हा छोटा पडतो. अख्खं घर जातं तेव्हा T वाला पडतो. दोघांची कामं वेगळी, त्यांच्या पडण्याची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी छोट्याचं बघू, कारण इथे तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे आणि ते तसं मान्य करायला हवं.

एमसीबीचं काम भिंतीतल्या तारेला सांभाळण्याचं. त्याच्या आत दोन धातूंची चिकटवलेली एक पट्टी असते. तारेतून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ गेला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. शिवाय एक छोटी कॉइल असते. कुठे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) एकमेकांना भिडले, म्हणजे शॉर्ट झालं, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका पाडते. आता तुमच्या सकाळी नऊचा हिशोब करू. इंडक्शन २००० वॅट, ओव्हन १५०० वॅट, मिक्सर ७५० वॅट आणि फ्रिजचे साधारण २००. बेरीज ४४५० वॅट. आपल्याकडचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास १९ अँपिअर. एमसीबी १६चा.

मग तो लगेच का पडत नाही? कारण त्याची घडणच तशी असते. मानकाप्रमाणे १६चा एमसीबी साधारण १८ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडायचा नाही, आणि २३ अँपिअर गेले तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. तुमचे १९ नेमके या दोहोंच्या मधले. तिथे तो अर्ध्या तासाने पडेल, तासाने पडेल किंवा एखाद्या दिवशी पडणारच नाही. शिवाय त्याची पट्टी ३० अंश तापमानाच्या हिशोबाने बसवलेली असते. ओट्याजवळच्या कोंदट, गरम पेटीत ती आणखी लवकर वाकते. म्हणून "काल तर एवढंच सगळं चालू होतं, काल नाही पडला" हे तुमचं वाक्यही खरं आणि "तुझ्या लोडनेच पडतो" हे सासऱ्यांचं वाक्यही खरं. भांडायचं कारण उरत नाही.

यावर ३२चा एमसीबी हा उपाय मात्र साफ चुकीचा आहे. आज १६ अँपिअरला थांबवणारा माणूस तुम्ही दारातून उठवताय आणि ३२ अँपिअरपर्यंत जाऊ देणारा बसवताय. भिंतीतली तार मात्र तीच राहणार. त्या काळच्या कितीतरी घरांत स्वयंपाकघराला दीड किंवा फार तर अडीच चौरस मिलिमीटरची तार आहे, काही ठिकाणी तर ॲल्युमिनियमची. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. त्यापुढे ते आधी मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत, कुणाला न दिसता होतं. एमसीबीचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो, गिऱ्हाइकाच्या सोयीवरून ठरत नाही. कुठल्याही वायरमनला हा एक प्रश्न विचारायला लाजू नका: "काका, आत तार किती एमएमची आहे?" बघून सांगितलं तर उत्तम. न बघता "चालतंय हो" म्हणाले तर काम थांबवा.

योग्य उपाय म्हणजे इंडक्शन आणि ओव्हनसाठी पेटीपासून थेट वेगळी लाइन ओढायची, चार चौरस मिलिमीटर तांब्याची, स्वतःच्या एमसीबीसह आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर. भिंत फोडायची नसेल तर केसिंग-पट्टीतून बाहेरून घेता येते, दिसायला थोडं वाईट पण काम चोख. ते होईपर्यंत एक साधा नेम पाळा: ओव्हन चालू असेल तेव्हा इंडक्शन बंद. भाज्या इंडक्शनवर उरकल्या की मग ओव्हन. डबे बंद करायची काहीच गरज नाही. आणि वीजबिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, तो एकदा वाचा. घरातला एकूण वापर त्याच्या वर जात असेल तर महावितरणकडे भार वाढवून घ्यायचा अर्ज करता येतो. व्यवसाय घरात आलाय, तर हे कागदही सरळ असलेले बरे.

आता मोठ्या स्विचकडे येऊ. माझा जीव खरा तिथे अडकलाय.

ईएलसीबीला तुमच्या लोडशी काहीही देणंघेणं नाही. तुम्ही चार हजार वॅट वापरा नाहीतर चाळीस, तो फक्त एवढंच बघतो की फेजमधून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला की नाही. यात फरक पडला म्हणजे मधेच कुठेतरी वीज वाट सोडून जातेय, ओल्या भिंतीतून, गिझरच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून. घरगुती ईएलसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि १५ ते ३० च्या दरम्यान केव्हाही पडू शकतो. हा प्रवाह किती लहान आहे सांगू? नऊ वॅटचा एलईडी बल्ब याहून जास्त घेतो. म्हणून "सेन्सिटिव्ह आहे" हे वायरमन काकांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. तो सेन्सिटिव्ह असावा म्हणूनच बसवलेला आहे.

चार्ल्स डाल्झील नावाचे अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक होते. विजेचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो यावर त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं काम केलं. हाताचे स्नायू इतके आखडतात की पकडलेली वस्तू सोडताच येत नाही, ही अवस्था किती प्रवाहाला येते हे त्यांनी मोजलं. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, बायकांत साधारण साडेदहा. आपल्याकडे "विजेने धरून ठेवलं" म्हणतात ना, ते हेच. एवढ्याशा प्रवाहाला माणसाचा हात सुटत नाही. आणि तुमच्या घरचा एमसीबी मात्र १६ अँपिअरच्या पुढे गेल्यावर जागा होणार, म्हणजे त्याच्या हजारपट. ईएलसीबी डायरेक्ट केला की माणसाला वाचवायला पेटीत कुणीही उरत नाही. ओल आलेलं बाथरूम, ओल्या पायांची सासूबाई, चार वर्षांची मुलगी. ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. या एका मुद्द्यावर तुम्ही मागे हटू नका, असं मी अधिकाराने सांगतो.

काहीजण मधला मार्ग सुचवतील, ३० ऐवजी १०० मिलिअँपिअरचा बसवू. तोही नको. १००चा किंवा ३००चा ईएलसीबी गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून वाचवतो. माणसासाठी ३०च हवा.

मग तो पडतो का? इथे घरच्या घरी बरंच शोधता येतं, आणि स्क्रूला हातही लावावा लागत नाही. दिवसाउजेडी करा, कोरडी चप्पल पायात, हात कोरडे. पेटीतले सगळे छोटे एमसीबी खाली पाडा. मग ईएलसीबीचा खटका आधी पूर्ण खाली दाबून मग वर करा, कारण पडलेला खटका बऱ्याचदा मधेच लटकतो आणि नुसता वर ढकलून राहत नाही. तो राहिला तर एकेक एमसीबी वर करत चला, प्रत्येकाच्या मधे मिनिटभर थांबत. ज्याला वर केल्यावर ईएलसीबी पडेल ती लाइन संशयित. त्या लाइनवरचे सगळे प्लग सॉकेटमधून उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. प्लग काढल्यावर स्विच राहिला तर एखाद्या यंत्रात दोष, एकेक लावत गेलात की तो सापडेल. सगळं काढूनही पडला तर दोष भिंतीतल्या तारेत किंवा बोर्डात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण यात निष्पाप यंत्रं बदनाम होतात. समजा बाथरूमच्या ओल्या भिंतीत न्यूट्रल तार अर्थिंगला, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेला, भिडली आहे. घरात लोड कमी असताना तिथून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की ईएलसीबी पडत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात इंडक्शन लावला की न्यूट्रलमधला प्रवाह वाढतो, त्यातला थोडा त्या भिडलेल्या जागेतून अर्थिंगमध्ये निसटतो, आणि घर बंद. पाहणाऱ्याला काय दिसतं? सुनेने इंडक्शन लावला आणि लाइट गेली. इंडक्शन अगदी ठणठणीत असतो, आजार बाथरूममध्ये असतो. छोटे एमसीबी पाडून दोष सापडत नाही तो असाच, कारण घरात बहुतेक ठिकाणी तेही फक्त फेजच तोडतात.

तुमच्या पत्रावरून मला तीन संशयित दिसतात. पहिली ती ओलीची भिंत. जूनपासूनच सुरू झालंय, म्हणजे पावसाशी संबंध आहे. गिझरचा पॉइंट त्याच भिंतीवर असेल तर बटण बंद असलं तरी बटणापर्यंत येणारी फेजची तार रात्रंदिवस चालूच असते, आणि पाइपात पाणी उतरलं की तिथून गळती होते. वरच्या घराची गळती बंद होईपर्यंत इथे कितीही पैसे घाला, पुन्हा तेच होणार. सोसायटीला लेखी पत्र द्या आणि त्यात 'विजेचा धोका' हे शब्द असू द्या. नुसत्या 'ओल' शब्दाला कुणी हलत नाही.

दुसरा संशयित खुद्द गिझर. क्षाराच्या पाण्याने त्याच्या हीटिंग एलिमेंटचं आवरण कालांतराने तडकतं आणि पाणी आत शिरतं. अशा गिझरने लावल्या लावल्या काही होत नाही, पाचदहा मिनिटांनी स्विच पडतो. तुमच्याकडे सकाळी आंघोळीच्या वेळी असं होतं का ते बघा.

तिसरा फ्रिज, आणि रात्री अडीचच्या प्रकाराचं कोडं कदाचित इथे सुटेल. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायला एक छोटा हीटर असतो. तो दर काही तासांनी आपोआप चालू होतो, कुणाला विचारत नाही. त्यात गळती असेल तर स्विच अवेळी पडतो आणि घरातले भुताखेतापर्यंत जाऊन पोचतात. एखाद्या रात्री फ्रिज दुसऱ्या लाइनवरच्या सॉकेटला लावून फरक पडतो का ते बघून उपयोग नाही, कारण सगळ्या लाइन एकाच ईएलसीबीखाली आहेत. त्याऐवजी एक रात्र फ्रिज रिकामा करून प्लग काढून ठेवा. दोनतीन रात्री अशा काढल्यात तर संशय पक्का होईल किंवा फिटेल.

माझ्या स्वतःच्या घरी दोन पावसाळे असाच त्रास झाला होता. शोधत शोधत मी गॅलरीतल्या दिव्यापर्यंत पोचलो. त्या दिव्याचा होल्डर उघडला तर आत मुंग्यांनी मातीचा बारीक ढिगारा केलेला, पितळी स्क्रूवर हिरवट चढलेलं, आणि वरच्या भोकातून तारेवरून ओघळत आलेला पाण्याचा एक थेंब टोकाशी लोंबत होता. पडला नव्हता, पण फेज आणि होल्डरच्या पत्र्याच्या मधोमध बरोबर टेकला होता. पाऊस ओसरला की तो सुकायचा आणि सगळं ठीक व्हायचं. म्हणून तुम्हालाही सांगतो, गॅलरीतला दिवा, दारावरच्या बेलचं बटण आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन असेल तर त्याचा पॉइंट, या तीन जागा यादीतून सोडू नका.

वायरमन काकांशी कसं बोलायचं, हा खरा अवघड भाग. वीस वर्षांचा घरोबा आहे, आणि ते मुद्दाम वाईट करतायत असं मला वाटत नाही. त्यांची उमेदीची वर्षं चिनी मातीच्या फ्यूजच्या काळात गेली. फ्यूज उडाला की तार बांधायची, वारंवार उडाला की जाड तार बांधायची, ही सवय त्या पिढीच्या हातात आहे. त्यांना चुकीचं ठरवू नका. एवढंच म्हणा, "काका, काढायच्या आधी एकदा मेगर लावून बघू." मेगर म्हणजे तारेचं आवरण शाबूत आहे की नाही हे मोजायचं यंत्र. सगळे प्लग काढून, मेन बंद करून, ५०० व्होल्टवर मोजतात. एका मेगाओहमच्या खाली आकडा आला की त्या लाइनमध्ये दोष. मेगर त्यांच्याकडे नसेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवा. त्याच्या माणसाकडे वायरमनचा परवाना असतो, तो मागून बघण्यात अपमान नाही. त्याच खेपेला अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक कितीदा तरी नुसतं शोभेला असतं, मागे तारच नसते. अर्थिंग नसेल तर ईएलसीबी काम करतो, पण गळती झाल्या झाल्या पडत नाही. कुणीतरी हात लावल्यावर पडतो. दोन्ही हवंत.

नवऱ्याला रोजच्या अंधाराचा वैताग आला असणार, त्याचंही खोटं नाही. त्याला सांगायला एक चांगला पर्याय आहे. सगळ्या घराला एकच ईएलसीबी असल्यामुळे बाथरूममधल्या दोषाने हॉलही बंद होतो. त्याऐवजी दोन ईएलसीबी करता येतात, किंवा गिझर आणि स्वयंपाकघराच्या लाइनला आरसीबीओ बसवता येतो. हा एमसीबी आणि ईएलसीबी एकाच डब्यात. मग दोष असेल तेवढीच लाइन पडेल आणि मुलीच्या डोक्यावरचा पंखा फिरत राहील. फक्त हे करताना दोन भागांचे न्यूट्रल पूर्ण वेगळे ठेवायला लागतात, नाहीतर दोन्ही विनाकारण पडत बसतात. आधी दोष शोधायचा, मग ही वाटणी, क्रम उलटा करू नका.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी मधेच सांगून टाकतो, कारण अशी पत्रं पुणे, नाशिक, रत्नागिरीहूनही येतात. ज्यांच्याकडे नवा इन्व्हर्टर बसवल्यापासून ईएलसीबी पडायला लागलाय, त्यांनी इन्व्हर्टर बसवणाऱ्यालाच परत बोलवावं. इन्व्हर्टरचा न्यूट्रल ईएलसीबीच्या पुढच्या-मागच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की हे हमखास होतं. आणि ज्यांच्याकडे बाहेरची लाइट परत आल्या आल्या एमसीबी पडतो, त्यांनी वीज जाताच एसी आणि पंप बंद करून ठेवावेत आणि आल्यावर पाच मिनिटांनी एकेक लावावेत. सगळे कॉम्प्रेसर एकदम उठले की पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात. उचलल्या क्षणी खाडकन पडणारा एमसीबी मात्र पुन्हा पुन्हा उचलून बघू नये. तो शॉर्ट असतो.

ताई, शोधाशोध चालू असताना काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका: बोर्डाजवळ जळका वास, हाताला कोमट लागणारा स्विच, सॉकेटभोवती तपकिरी डाग, पेटीतून चुरचुर आवाज, किंवा नळाला वा फ्रिजच्या दाराला हात लावताच झिणझिण्या. यातलं एकही असलं तर मेन बंद करा आणि रात्र मेणबत्तीवर काढा, सकाळी माणूस येईल. तोवर गिझर वापरू नका. आणि मुलीच्या उंचीच्या सॉकेटमध्ये भोकं झाकणारी झाकणं आजच बसवा. कुणाला शॉक लागलेला दिसला तर त्याला हात न लावता आधी मेन पाडायचा आणि मग १०८ लावायचा, हे घरातल्या सगळ्यांना, सासूबाईंनाही, पेटीसमोर उभं करून दाखवून ठेवा.

T चं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर घर बंद झालं पाहिजे. नाही झालं तर तो ईएलसीबी मेलेला आहे, बदला. नवीन घेताना आयएसआयचा शिक्का आणि ३० मिलिअँपिअर हे दोन्ही बघून घ्या.

आता शेवटचं काम, आणि ते मी मुद्दाम तुमच्या सासऱ्यांसाठी राखून ठेवलंय. तुम्ही लिहिलंय की ते रेल्वेतून निवृत्त झाले आणि दिवसभर घरीच असतात. पेटीजवळ एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन लटकवा आणि ती वही त्यांच्या ताब्यात द्या. तारीख, वेळ, छोटा पडला की T वाला, त्या वेळी काय काय चालू होतं आणि बाहेर पाऊस होता का, एवढेच रकाने. "बाबा, तुमच्याइतकी नोंद घरात कुणी ठेवू शकणार नाही" असं म्हणून द्या, कारण ते खरंच आहे. आठ-दहा नोंदी झाल्या की कुठली लाइन, कुठली वेळ, हे त्यांना स्वतःलाच दिसायला लागेल, आणि वायरमन काका पुढच्या खेपेला आले की त्यांच्याशी सासरेच बोलतील. पहिली ओळ तुम्ही लिहून द्या: परवाची तारीख, रात्री अडीच, T वाला, तीन पंखे आणि फ्रिज. मेगरचा आकडा काय आला तेवढं मला मात्र कळवा.